नकाशाला जात नसते?

"नकाशाला जात नसते, साहेब."

नगरपरिषदेच्या नगररचना विभागात भिंतीवर डकवलेल्या प्रारूप विकास आराखड्यासमोर आम्ही पाच-सहा कार्यकर्ते उभे होतो आणि तिथला कर्मचारी आम्हाला हे समजावत होता. आमची वस्ती नकाशावर शोधण्यात वीस मिनिटे गेली, कारण ती तिथे नव्हतीच. तीन पिढ्यांची घरे, बुद्धविहार, समाजमंदिर, सगळे उभे आहे त्या जागेवर हिरवा रंग होता आणि एक आरक्षण क्रमांक होता : खेळाचे मैदान. रस्त्यापलीकडे कालपरवा पडलेली प्लॉटिंग मात्र पिवळ्या रंगात, म्हणजे निवासी विभागात, रीतसर बसली होती.

त्या कर्मचाऱ्यावर आमचा राग नाही. त्याला जे शिकवले गेले तेच तो बोलला. पण हे वाक्य खरे की खोटे, हे इतिहासात तपासता येते. आणि त्यासाठी आम्हाला आधी अमेरिकेत जावे लागते, कारण शहराचे रंगीत तुकडे पाडायचे, कोणत्या तुकड्यात कोणी काय बांधायचे ते ठरवायचे आणि परवानगीची चावी स्थानिक मंडळाच्या हाती द्यायची, हे तंत्र तिथेच वाढले. आपल्याकडचा १९१५ चा मुंबई नगररचना कायदा इंग्रजी वळणाचा होता, हे खरे. पण आज प्लॉटचा दलालसुद्धा ज्या भाषेत बोलतो, "यलो झोन आहे का ग्रीन?", ती भाषा अमेरिकेतल्या न्यायालयांत घासून तयार झाली. आणि तिथे ती कोणाविरुद्ध घासली गेली, हे आपल्या तरुणांनी वाचलेच पाहिजे.

सॅन फ्रान्सिस्को शहर, १८८०. तिथल्या नगरमंडळाने एक नियम केला. कपडे धुण्याचा धंदा, म्हणजे लाँड्री, विटांच्या किंवा दगडी इमारतीत असेल तर परवानगी नको. लाकडी इमारतीत असेल तर मंडळाची संमती हवी. नियमात 'चिनी' हा शब्द कुठेही नाही. कारण काय दिले? आगीचा धोका. आणि ते अगदीच खोटेही नव्हते. जवळजवळ सगळे शहरच लाकडी होते. मित्रहो, हे लक्षात ठेवा. असा प्रत्येक नियम एखाद्या अर्ध्या सत्याच्या खांद्यावर बसून येतो. आग, आरोग्य, वाहतूक, मुलांचे मैदान. मैदानाला विरोध कोण करणार?

शहरात सुमारे ३२० लाँड्री होत्या. त्यांपैकी साधारण २४० चिनी माणसांच्या. ३२० पैकी ३१० लाकडीच. सुमारे दोनशे चिनी धंदेवाल्यांनी संमती मागितली. एकालाही मिळाली नाही. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांनी मागितली. एक सोडून सगळ्यांना मिळाली. 'यिक वो' नावाची लाँड्री एकाच जागी २२ वर्षे चालू होती. अग्निशमन अधिकाऱ्यांनी तिथल्या चुली, भट्ट्या तपासून ठीक म्हटले होते. आरोग्य खात्याने सांडपाण्याची व्यवस्था ठीक म्हटली होती. तरीही मालकाला दंड आणि दंड न भरल्यामुळे तुरुंग. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८८६ साली न्यायालयाने एकमताने सांगितले की कायद्याचा चेहरा कितीही निष्पक्ष असो, त्याची अंमलबजावणी दुष्ट नजरेने आणि विषम हाताने होत असेल तर ती समानतेच्या हक्काचा भंग आहे.

हा निकाल कशामुळे मिळाला? भाषणांमुळे नाही. मोजणीमुळे. दोनशे आणि शून्य. ऐंशी आणि एक. हे आकडे समोर ठेवल्यावर 'नियमात कुठे चिनी म्हटले आहे?' हा प्रश्न विचारायची सोयच उरली नाही.

पण व्यवस्था एका दाराने हरली की दुसरे दार उघडते. त्याच कॅलिफोर्नियात मोडेस्टो नावाच्या गावाने १८८५ मध्ये वेगळी युक्ती केली. संमती द्यायची की नाही हा प्रश्नच नको. लाँड्री गावाच्या एका ठरावीक भागातच चालेल. रेल्वे रुळांच्या पश्चिमेला. तिथेच चिनी वस्ती होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये हे वैध ठरवले. म्हणजे ज्या वर्षी परवानगीतला भेदभाव हरला, त्याच वर्षी नकाशातला भेदभाव जिंकला. आपल्याकडे कितीतरी शहरांत 'रुळापलीकडची वस्ती' म्हटले की कोणाची, हे सांगावे लागत नाही.

यानंतर पाळी कृष्णवर्णीयांची. बाल्टिमोर शहरात १९१० मध्ये येल विद्यापीठात कायदा शिकलेले जॉर्ज मॅकमेकन हे कृष्णवर्णीय वकील गोऱ्यांच्या रस्त्यावरच्या घरात राहायला आले. गोरा समाज खवळला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शहराने कायदाच केला : ज्या गल्लीत बहुसंख्य गोरे तिथे काळ्याने राहायला जायचे नाही, आणि उलटही. 'उलटही' हा शब्द पाहा. दोघांना सारखीच बंदी, मग विषमता कुठे? मंदिरात येऊ नका, आम्हीही तुमच्या वस्तीत येत नाही, असे म्हणणाऱ्यांचाच हा भाऊबंद.

बाल्टिमोरचे पाहून दक्षिणेतल्या शहरांनी तसेच नियम केले. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलने १९१४ मध्ये केला. तिथे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने खटला उभा केला आणि १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. आनंदाची गोष्ट. मात्र रद्द करण्याचे कारण वाचले की आनंद अर्धा होतो. न्यायालयाचा मुख्य मुद्दा कृष्णवर्णीय माणसाच्या प्रतिष्ठेचा नव्हता. मालमत्ता हवी त्याला विकण्याचा मालकाचा हक्क हिरावला, हा होता. आणि या खटल्यात विकणारा गोरा होता!

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ मध्ये तिथून लंडनला गेले. म्हणजे लुईव्हिलचा नियम झाला तेव्हा ते अमेरिकेत होते. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. जात म्हणजे स्वतःभोवती कुंपण घालून घेतलेला वर्ग, हे त्यात मांडले. आणि त्याच न्यूयॉर्क शहराने २५ जुलै १९१६ रोजी संपूर्ण शहराला लागू होणारी, अमेरिकेतली पहिली सर्वंकष विभाग-नियमावली मंजूर केली. तिच्यामागे उंच इमारतींच्या सावलीची तक्रार होती, तशीच फिफ्थ अव्हेन्यूवरच्या बड्या दुकानदारांची तक्रारही होती. कपड्यांच्या कारखान्यांतले स्थलांतरित कामगार दुपारच्या सुट्टीत फुटपाथवर गर्दी करतात आणि आमचे श्रीमंत गिऱ्हाईक बिचकते, ही ती तक्रार. म्हणून कारखाने तिथून हटवा. एका ओळीत कुंपणाचे शास्त्र सांगणारा आमचा बाप आणि नकाशावर कुंपण आखणारे ते शहर, दोन्ही एका वर्षात, एका ठिकाणी.

१९१७ नंतर वंशाचे नाव घेऊन गल्ल्या वाटता येईनात. मग काय करायचे? घराचा आकार. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या छोट्या गावाने १९२२ मध्ये जमिनीचे विभाग पाडले : इथे फक्त एका कुटुंबाची स्वतंत्र घरे, तिथे दोन कुटुंबांची, पलीकडे भाड्याच्या सदनिका, त्याहून पलीकडे कारखाने. खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशाने १९२४ मध्ये हे रद्द करताना स्पष्ट लिहिले होते की याचा खरा परिणाम माणसांची त्यांच्या उत्पन्नानुसार आणि पायरीनुसार वर्गवारी करणे हाच आहे. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला उलटवले, आणि एका कुटुंबाच्या घरांच्या परिसरात येणाऱ्या भाड्याच्या इमारतीला चक्क बांडगूळ म्हटले. इमारतीत राहणाऱ्यांबद्दल बोलायचे नाही, इमारतीबद्दल बोलायचे. माणूस अस्पृश्य नाही, त्याचे घर अस्पृश्य. युक्लिडची ही रीत पुढे अमेरिकाभर गेली.

आता माउंट लॉरेलची गोष्ट. आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती हीच, म्हणून थोडे थांबतो.

न्यू जर्सी राज्यातले हे शेतीचे गाव. फिलाडेल्फिया आणि कॅम्डेन शहरांपासून जवळ. इथली काही कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान् पिढ्यांची रहिवासी. गोरी उपनगरे नंतर आली. हमरस्ते झाले, शेतांच्या कॉलन्या झाल्या, जमिनीला भाव आला. जुनी कृष्णवर्णीय कुटुंबे पडक्या घरांत, काही तर कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांना दुरुस्त करून केलेल्या खोल्यांत राहत होती. गावप्रशासनाने ती घरे राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी करायला सुरुवात केली. पर्यायी घरे? ती द्यायची तर परवडणारी बांधायला हवीत आणि नियमावलीत तशी बांधायची सोयच नव्हती. घर राहण्यालायक नाही म्हणून निघा, आणि नवीन बांधायला परवानगी नाही.

एथेल लॉरेन्स या बालवाडी शिक्षिका. त्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून ३६ सदनिकांचा छोटासा प्रस्ताव तयार केला. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी त्यांच्याच चर्चमध्ये महापौर आले. लोक वाट पाहत होते. महापौरांनी सांगितले की ज्यांना या गावात राहणे परवडत नसेल त्यांना गाव सोडावे लागेल. कुठे सांगितले? त्यांच्याच प्रार्थनास्थळात, त्यांच्या पणजोबांच्या गावात.

१९७१ मध्ये खटला दाखल झाला. न्यायालयासमोर गावाची नियमावली उलगडली तेव्हा काय काय निघाले पाहा. गावाच्या सुमारे २९ टक्के जमिनीवर, म्हणजे सुमारे ४,१०० एकरांवर, औद्योगिक विभागाचा शिक्का. प्रत्यक्षात उद्योग १०० एकरांहून जास्त जागेत नव्हते. बाकी जमीन रिकामी पडलेली, पण घरासाठी बंद. निवासी विभागात मोठमोठे भूखंड सक्तीचे. आणि नव्या वसाहतींत सदनिका मंजूर करताना अट अशी की शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या दर सदनिकेमागे ०.३ च्या वर गेली तर जादा मुलांच्या शिक्षणाचा खर्च बिल्डरने द्यायचा. दहा घरांत तीन मुले! गरिबांची मुले येऊ नयेत यासाठी इतका दशांश चिन्हापर्यंतचा हिशेब कोणी केला असेल? मग बिल्डर एका खोलीची घरे बांधणार, म्हणजे लेकुरवाळ्यांना दार आपोआप बंद.

१९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला त्यात एक वेगळी दिशा होती. गावाच्या मनात काय होते, हे शोधत न्यायालय बसले नाही. नियमाचा परिणाम काय होतो, ते पाहिले. जमिनीचे नियम करण्याचा अधिकार राज्याने गावाला दिला आहे तो सर्वांच्या कल्याणासाठी. आणि 'सर्व' म्हणजे फक्त गावात आधीच बंगले बांधून बसलेले नव्हेत, तर आसपासच्या प्रदेशात घर शोधणारे गरीबसुद्धा. म्हणून विकसित होणाऱ्या प्रत्येक गावाने प्रदेशाच्या गरजेतला आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे.

गावाने काय केले? तीन कोपऱ्यांत मिळून वीसएक एकर जमीन 'परवडणाऱ्या घरांसाठी' म्हणून रंगवली, तीही अशी की तिथे कोणी बांधणार नाही. आदेशाचे पालन झाले, घर एकही झाले नाही. १९८३ मध्ये न्यायालयाला पुन्हा, यावेळी दात दाखवत, निकाल द्यावा लागला. एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. १९९७ मध्ये माउंट लॉरेलने प्रकल्पाला मंजुरी दिली आणि २००० सालाच्या अखेरीस पहिली कुटुंबे राहायला आली. १४० घरांच्या त्या वसाहतीला एथेल लॉरेन्स यांचे नाव आहे. चर्चमधल्या त्या रविवारपासून तीस वर्षे. विरोधकांनी ओरड केली होती की गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर वाढतील. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी नंतर अभ्यास केला. यातले काहीही झाले नव्हते.

या कहाणीशेजारी दुसरी ठेवा. शिकागोजवळचे आर्लिंग्टन हाइट्स. १९७० च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,०००; त्यात कृष्णवर्णीय २७. तिथे एका धार्मिक संस्थेच्या जागेवर कमी उत्पन्न गटासाठी १९० घरांचा प्रस्ताव आला, गावाने विभाग बदलायला नकार दिला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परिणाम विषम आहे एवढे पुरेसे नाही, हेतू भेदभावाचा होता हे सिद्ध करा. चौसष्ट हजारांत सत्तावीस हा आकडासुद्धा पुरला नाही. हेतू सिद्ध कसा करायचा? कोणता नगरसेवक इतिवृत्तात लिहून ठेवतो की मला अमुक लोक नकोत? तरी त्या निकालात एक उपयोगाची गोष्ट आहे. हेतू कशावरून ओळखावा याची चिन्हे न्यायालयाने दिली : निर्णयाआधीचा इतिहास, घटनांचा क्रम, नेहमीची पद्धत मोडली का, इतरांना एक आणि यांना दुसरा निकष लावला का, बैठकीत कोण काय बोलले. आमच्या हरकतीच्या अर्जाचा आराखडा आम्ही याच चिन्हांवरून केला. तो निकाल इथे बंधनकारक नाही, हे माहीत आहे. पण शोधायचे कुठे, ते तो सांगतो.

आता घरी येऊ. भारताला झोनिंग नवे का? अजिबात नाही. पाटलाचा वाडा कुठे, ब्राह्मण आळी कुठे, महारवाडा कोणत्या दिशेला, मांगवाडा त्याहून किती पलीकडे, हे ठरवणारी नियमावली आपल्या गावांत छापील कायद्याच्या कितीतरी आधी होती. तिला परवानगी लागत नव्हती आणि तिच्यावर हरकत घेता येत नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात अस्पृश्यांच्या वस्तीला सरळ 'घेट्टो' म्हटले, ते यासाठीच. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांवर प्रहार केला तेव्हा अनेकांना झोंबले. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र गावाचा नकाशा होता.

आणि त्यावर उपायही त्यांनी जमिनीच्या भाषेतच मागितला. जुलै १९४२ च्या नागपूर अधिवेशनात स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी वसाहत आयोगाची योजना मांडली : पडीक सरकारी जमीन आयोगाच्या ताब्यात द्या, त्यावर अनुसूचित जातींची नवी गावे वसवा, त्यासाठी केंद्राने दरवर्षी ५ कोटी रुपये द्यावेत. ही मागणी मान्य झाली नाही. आपल्या चळवळीतही ती आज फारशी कोणाच्या तोंडी नसते. वेगळी गावे म्हणजे पुन्हा वेगळेपणच नाही का, असा वाद होऊ शकतो, आम्ही आपसात तो घालतोही. पण गावाची रचना हा राज्याने बदलायचा विषय आहे, नशिबाचा नाही, हे त्यांनी ठामपणे मांडले.

महाडची आठवण इथे काढलीच पाहिजे. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेनेच १९२४ मध्ये केला होता. कागदावर हक्क आला. मार्च १९२७ मध्ये आपले लोक खरोखर पाणी प्यायला गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. स्थानिक स्वराज्य संस्था कोणाची असते, याचा धडा आपल्याला माउंट लॉरेलच्या किती आधी मिळाला होता पाहा. मग दिवाणी खटला चालला, तळे खासगी की सार्वजनिक हा प्रश्न लढला गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. सत्याग्रहाचे दोन दिवस आपण दरवर्षी साजरे करतो. कोर्टातली ती दहा वर्षे, उतारे, साक्षी, ठरावांच्या प्रती, ही किती जणांना माहीत असतात?

हे आम्ही स्वतःलाही विचारतो. पुतळ्याची जागा, कमानीचे नाव यासाठी आपण एका रात्रीत हजार माणसे गोळा करतो, आणि ते चुकीचे नाही. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली प्रारूप आराखड्यावर हरकती मागवल्याची सूचना निघते, मुदत संपते, नियोजन समितीपुढे सुनावणी होते, आणि त्या यादीत आपल्या वस्तीची नावे सापडत नाहीत. पुढे कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात. कोणाच्या तरी शेताचा हिरवा रंग पिवळा होतो, कोणाचे तरी आरक्षण उठते. उठणारी आरक्षणे सहसा कोणाच्या जमिनीवरची असतात आणि राहणारी कोणाच्या घरांवरची, हे आपापल्या शहरात तपासून पाहा.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा जाऊन समतानगर, भीमनगर आले. स्वागत आहे. त्याच महिन्यात मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात रस्त्याच्या रुंदीवर चटईक्षेत्र अवलंबून आहे. नऊ मीटरचा रस्ता, बारा मीटरचा, त्याहून रुंद, तशी बांधकामाची मुभा वाढत जाते. आता सांगा, समतानगरातली गल्ली किती मीटरची आहे? जिथे दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावे लागते, तिथे पाटी बदलली तरी इमारतीचा नकाशा मंजूर होत नाही. नियमात जात नाही. रस्त्याच्या रुंदीत आहे, कारण तो रस्ता कोणासाठी किती रुंद ठेवायचा हे जातीने शंभर वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते.

त्या दिवशी कार्यालयातून बाहेर पडताना आम्ही आरक्षणांची यादी आणि नकाशाची साक्षांकित प्रत मागितली. अर्ज लिहून द्या म्हणाले, दिला. प्रत तिसऱ्या फेरीला मिळाली. आता संध्याकाळी विहारात बसून एक तक्ता भरतो आहोत. आराखड्यात एकूण आरक्षणे किती, त्यातली मोकळ्या जागेवर किती, उभ्या घरांवर किती, ती घरे कोणत्या वस्तीतली. शेजारच्या मातंग वस्तीतली आणि मुस्लिम मोहल्ल्यातली पोरेही आली आहेत. त्यांच्यावरून रस्ता जातो. प्रत्येक घराची जुनी घरपट्टी पावती, वीज बिल, मतदार यादीतले नाव, असे जोडून घेतो आहोत. एका आजीने पत्र्याच्या पेटीतून कपड्यात बांधलेल्या पावत्या काढून दिल्या, नगरपरिषदेचाच शिक्का असलेल्या. जिथे नकाशात मैदान आहे, तिथल्या घराची पट्टी हीच नगरपरिषद चाळीस वर्षे वसूल करत आली आहे. त्या पावत्यांच्या झेरॉक्स अर्जाला जोडल्या आहेत. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.